काच फुंकणारे हात

हाताने फुंकलेलं काचेचं भांडं दिसलं की मी आधी ते उलटं करून बघते. बुडाशी एक खरखरीत वण असतो, नाहीतर तो घासून काढलेला गुळगुळीत खळगा. तोंडाचा घाट द्यायला भांडं फुंकणीवरून तोडून दुसऱ्या दांडीवर घ्यावं लागतं, तिला पंटी म्हणतात, तिचीच ती खूण.

भट्टीत साधारण 1100 अंशांना काच मधासारखी असते, फुंकणी त्यात फिरवून गोळा उचलायचा आणि तिथून पुढे फिरवणं थांबवायचंच नाही, थांबलात की गोळा एका बाजूला ओघळलाच समजा. फुंकण्यात काही विशेष नाही हो, बऱ्याचदा एक हलकी फुंकर पुरते, खरं कसब फिरवण्यात आणि काच कधी ऐकेल ते ओळखण्यात. मला सगळ्यात भारी वाटतो तो ओला पेपर. वर्तमानपत्राच्या जाड घड्या घालून, पाण्यात भिजवून तळहातावर घेतात आणि त्यावर तो लालबुंद गोळा चक्क हाताने घडवतात, मध्ये फक्त ओला कागद, वाफ आणि जळका वास. काम झालं की भांडं वेगळ्या ओव्हनमध्ये 500 अंशांच्या आसपास ठेवून हळूहळू निववतात, इथे घाई केली की आत ताण राहतो आणि मग ते कधी तडकेल सांगता येत नाही.

हे सगळं फोटो बघून येत नाही, त्यामुळे काचेत कुणाचा प्रभाव म्हणजे कुणाशेजारी उभं राहून काम केलं, असाच अर्थ मी घेते. व्हेनिसने 1291 मध्ये भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, कारण आगीची भीती, पण त्यात गुपितंही बेटावरच अडकली. अमेरिकेत काच म्हणजे कारखाना असंच चालू होतं, 1962 मध्ये कलाशिक्षक हार्वी लिटलटनने टोलेडोच्या म्युझियममध्ये छोटी भट्टी लावून वर्कशॉप घेतलं, पहिल्यांदा काच नीट वितळलीच नाही, मग काचतंत्रज्ञ डॉमिनिक लॅबिनोने फायबरग्लाससाठीच्या काचगोळ्या वापरायला सुचवलं आणि जमलं. लिटलटनचा विद्यार्थी डेल चिहुली 1968 मध्ये मुरानोला वेनिनी या काचकारखान्यात गेला आणि तिथून टीमने काम करायची पद्धत घेऊन आला. उलट दिशेने 1979 मध्ये मुरानोचा उस्ताद लिनो टालियापिएत्रा अमेरिकेत पिलचकच्या काचशाळेत शिकवायला गेला, गुपितं अशी उघड केलेली बेटावर सगळ्यांना रुचली नाहीत.

दोघांच्या हातात फरक बघा. चिहुली काचेला ओघळू देतो, वाकडं होऊ देतो. लिनोची रेष हलत नाही. मी लिनोवाली आहे, उगाच खोटं का बोला. रेटिचेलो नावाचा प्रकार आहे, बारीक काचकांड्यांचे पीळ एका थरात एकीकडे, दुसऱ्यात उलटे, दोन्ही थर एकमेकांत बसवले की जाळी होते आणि जाळीच्या प्रत्येक घरात हवेचा एकेक बुडबुडा अडकतो. चमच्याने मोजून ठेवल्यासारखे!

चिहुलीचा 1976 च्या अपघातात डावा डोळा गेला, नंतर खांदाही दुखावला, तेव्हापासून तो चित्रं काढून देतो आणि फुंकतात दुसरे, म्हणून काहीजण नाकं मुरडतात. मला त्यात काही गैर वाटत नाही, मुरानोत शतकानुशतकं टीमनेच काम होतंय. फक्त म्युझियमच्या पाटीवर खाली बारीक अक्षरात का होईना, फुंकणी कुणाच्या हातात होती ते लिहायला काय हरकत आहे?