ताईची गिटार

"गिटार कोणती तुझी?"

"ताईची."

आम्ही सगळे हसलो. प्रश्न ब्रँडचा होता. स्ट्रॅट की लेस पॉल (इलेक्ट्रिक गिटारची दोन गाजलेली मॉडेल्स), त्यात आवाज पकडणारा पिकअप सिंगल कॉइल की हम्बकर, यावर आमचा तासभर कीस पाडून झाला होता. तो पोरगा आज पहिल्यांदाच आलेला, कोपऱ्यात गप्प बसून ऐकत होता.

हसणं थांबल्यावर त्याने खिशातून पिक (तार छेडायची चकती) नाही, एक नाणं काढलं. कडेला बारीक खाचा असलेलं. तारेवर ते घासलं की सुराआधी किंचित खरखर येते. मला लगेच कळलं. ब्रायन मे, 'क्वीन' बँडचा गिटारवाला! तो सिक्सपेन्सने, म्हणजे जुन्या ब्रिटिश नाण्याने वाजवतो.

मग पोराची कळी खुलली. १९६३ मध्ये ब्रायन मेने वडिलांबरोबर गिटार घरीच बनवायला घेतली, गिटारची मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, मानेवरच्या बोटं ठेवायच्या पट्टीवरचे ठिपके म्हणजे आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं... भडाभडा बोलत होता. ताईच्या गिटारची खालची तार गंजलेली, एक खुंटी सैल. दर दोन मिनिटांनी सूर लावायचा आणि बोलणं पुढे.

माझ्याकडे गिटारचा आवाज बदलणारी सात पेडल आहेत. त्यातली तीन डिस्टॉर्शनचीच, म्हणजे आवाज फाटका-खरखरीत करणारी (हो, तिन्ही वेगळी वाटतात. निदान मला). घरी आल्यापासून एकही लावलेलं नाही.

तुला कोण आवडतं, हे त्याला आधी का नाही विचारलं मी?

आत्ता पाकिटातली नाणी काढून कडा बघत बसलोय. बहुतेक गुळगुळीतच निघाली. तुमच्यापैकी कुणी नाण्याने वाजवून पाहिलंय का? तारा लवकर तुटतात का हो?