रिलायन्सची खोटी प्रदक्षिणा

या महिन्याची नोंद उशिरा येतेय, कारण तीन रविवार एकाच ठिपक्यामागे गेले. घरच्या घरी आरआरजी काढायची शीट एकदाची चालू झाली, निफ्टी निर्देशांकातले पन्नासच्या पन्नास शेअर त्यात बसले, आणि ती तपासावी म्हणून जून २०२४पासूनचा काळ आठवड्या-आठवड्याने पुन्हा चालवायला घेतला. तिथेच अडकलो. पण अडकलो ते बरं झालं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. आरआरजी म्हणजे रिलेटिव्ह रोटेशन ग्राफ. ज्युलियस द केम्पेनार या डच विश्लेषकाची ही कल्पना, २०११ साली ब्लूमबर्गच्या टर्मिनलवर आली. आडव्या अक्षावर शेअर निर्देशांकाच्या तुलनेत किती ताकदवान आहे ते, उभ्या अक्षावर ती ताकद वाढतेय की घटतेय ते. दोन्ही अक्षांचा मध्य १००. त्यातून चार कप्पे पडतात: वर उजवीकडे लीडिंग, खाली उजवीकडे वीकनिंग, खाली डावीकडे लॅगिंग, वर डावीकडे इम्प्रूव्हिंग. माझ्या वहीत त्यांची नावं आघाडी, ओसरती, पिछाडी आणि सुधारती. ठिपका साधारणपणे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, कारण आधी वेग बदलतो आणि पातळी त्याच्या मागून येते. मी याला ठिपक्याची प्रदक्षिणा म्हणतो. मागच्या काही आठवड्यांच्या ठिपक्यांची जी रेघ सोबत काढतात, ती शेपूट.

एक गैरसमज अजून संपत नाही म्हणून पुन्हा लिहितो: यातलं आरएस (रिलेटिव्ह स्ट्रेंथ, म्हणजे निर्देशांकाच्या तुलनेतली ताकद) म्हणजे आरएसआय (रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स) नव्हे. वेल्स वाइल्डर या अमेरिकी विश्लेषकाचा १९७८चा आरएसआय शेअरची तुलना त्याच्या स्वतःच्याच मागच्या चालीशी करतो. इथे तुलना दुसऱ्याशी आहे.

केम्पेनार यांनी मूळ सूत्र उघड केलेलं नाही, त्यामुळे घरचा आरआरजी म्हणजे अंदाजाने केलेली भाजी. माझी कृती अशी. आठवड्याचा बंद भाव भागिले निफ्टी, गुणिले शंभर. हा झाला आरएस. गेल्या १४ आठवड्यांच्या आरएसची सरासरी काढायची, आजचा आरएस तिच्यापासून किती दूर आहे ते बघायचं, त्या अंतराला त्याच १४ आठवड्यांच्या प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) भागायचं आणि १०० मिळवायचे. हा रेशो. मग रेशोतला आठवड्याचा बदल घेऊन त्याच्यावर हाच प्रयोग पुन्हा करायचा, तो मोमेंटम. १४च का? खरं सांगायचं तर वाइल्डरच्या आरएसआयमधल्या १४ची सवय. त्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नाही.

आता तो ठिपका.

डिसेंबर २०२४मध्ये शीट अर्धीमुर्धी होती आणि मी हाताने दहाच शेअर लावत होतो. त्या वेळच्या वहीत रिलायन्सपुढे निळ्या पेनाने लिहिलंय: ‘सुधारती. शेपूट सुंदर. घ्यावा का?’ सुदैवाने घेतला नाही, आणि त्यात शहाणपण काही नव्हतं. त्याच महिन्यात घराचं वॉटरप्रूफिंग निघालं होतं. आता सगळा काळ पुन्हा चालवताना तीच शेपूट पुन्हा दिसली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठिपका डाव्या बाजूला पार खाली गेला, दुसऱ्याच आठवड्यात उसळून सुधारतीत आला, आणि मग दर आठवड्याला थोडा थोडा उजवीकडे सरकत राहिला. नवशिक्यांना दाखवायला ठेवावी अशी. फक्त रोजच्या भावांच्या चार्टवर त्या काळात रिलायन्स निफ्टीपेक्षाही जास्त घसरत होता.

सूत्रं तपासली, रकाने तपासले, निफ्टीचे आकडे दुसरीकडून आणून ताडून पाहिले. काही सापडेना. शेवटी पुतण्या घरी आला होता त्याच्यापुढे लॅपटॉप सरकवला. तो मिनिटभर बघत बसला आणि म्हणाला, “काका, तुम्ही बोनस धरलात का?”

धरला नव्हता. रिलायन्सने एकास एक बोनस दिला, त्याची रेकॉर्ड डेट (ज्या दिवशीच्या भागधारकांच्या यादीवरून बोनस मिळतो तो दिवस) २८ ऑक्टोबर २०२४. त्याआधीच्या शुक्रवारी भाव २६००च्या वर होता, सोमवारी १३००च्या वर. माणसाच्या खिशात काहीच कमी झालं नाही, शेअर दुप्पट झाले आणि भाव निम्मा. पण भावकॉपी, म्हणजे शेअर बाजाराची रोजच्या भावांची फाइल, त्या दिवशीचा भाव जसाच्या तसा देते, मागचे भाव सुधारून देत नाही. माझ्या शीटच्या दृष्टीने आरएस एका आठवड्यात सुमारे ११वरून साडेपाचवर कोसळला होता.

इथवर चूक साधीच आहे, बऱ्याच जणांनी केली असेल. मला रस वाटला तो पुढच्या भागात. ५० टक्के कोसळल्यावर ठिपका चार्टबाहेर जायला हवा होता, म्हणजे मी पहिल्याच दिवशी ओरडलो असतो. तो गेला ९६.५च्या जरा वर. का? कारण उडी जितकी मोठी, तितकंच प्रमाण विचलनही फुगतं, आणि आपण त्यानेच भागतो. १४ आकड्यांत १३ सारखे आणि शेवटचा एक वेगळा असेल तर उत्तर १३ भागिले १४चं वर्गमूळ, म्हणजे ३.४७. त्यापलीकडे ठिपका जाऊच शकत नाही. भाव निम्मा होवो नाहीतर दहावा हिस्सा होवो, ९६.५३ हा तळ. माझ्या शीटला ओरडताच येत नव्हतं.

आणि मग ती सुंदर शेपूट. दुसऱ्या आठवड्यात १४ आठवड्यांच्या खिडकीत निम्म्या भावाचे दोन आकडे आले, सरासरी खाली सरकली, ठिपका ९७.६वर. तिसऱ्या आठवड्यात तीन आकडे, ९८.१५. सातव्या आठवड्यात, जुने सात आणि नवे सात, ९९.०४. तेराव्यात ९९.७३. हे मी रिलायन्सचे भाव बाजूला ठेवून, कोऱ्या शीटवर नुसते आधी ११ आणि मग ५.५ असे आकडे घालून काढलंय. शेअर जागचा हलला नाही तरी रेशो तेराव्या आठवड्यापर्यंत वर चढत राहतो, आणि तो चढतोय म्हणून मोमेंटमही १००च्या वर. म्हणजे मी डिसेंबरभर जी सुधारणा कौतुकाने बघत होतो, ती रिलायन्सची नव्हती, माझ्या सरासरीची होती. सरासरी शेअरपर्यंत खाली उतरत होती आणि मला वाटत होतं शेअर वर येतोय.

खिडकी स्वच्छ झाली ती जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. (त्या आठवड्याचा बंद भाव शुक्रवारचा नाही बरं का, १ फेब्रुवारीला बजेट म्हणून शनिवारी बाजार चालू होता. शीटमध्ये ‘शुक्रवार’ असं ठोकून बसवलेल्यांनी तपासून घ्या. तसंच १ नोव्हेंबरचा बंद भाव संध्याकाळच्या मुहूर्त ट्रेडिंगचा आहे.)

दुरुस्ती पाच मिनिटांची. बोनसच्या आधीचे सगळे भाव निम्मे केले. डिसेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी चुकीची शीट ९९.३च्या आसपास दाखवत होती. दुरुस्त शीटमध्ये तो ठिपका ९८.७च्या जवळ आला. पाऊण-अर्ध्या अंकाचाच फरक, पण दिशा उलटी. आधीची शेपूट शंभराकडे चाललेली, नंतरची शंभरापासून दूर गेलेली.

मग बाकीचे एकोणपन्नास. तिथे आयटीसी सापडला, आणि तो जास्त लबाड निघाला. १ जानेवारी २०२५पासून हॉटेलांचा व्यवसाय वेगळा झाला, रेकॉर्ड डेट ६ जानेवारी, दहा शेअरमागे आयटीसी हॉटेल्सचा एक. सकाळच्या खास सत्रात आयटीसीचा भाव ४८२च्या आसपास होता तो ४५५च्या आसपास ठरला. साडेपाच टक्के. एवढं तर एखाद्या वाईट तिमाही निकालानेही पडतं, त्यामुळे डोळ्यांना खटकत नाही. आणि वरच्या हिशेबामुळे चार्टवर रिलायन्सच्या पन्नास टक्क्यांत आणि आयटीसीच्या साडेपाच टक्क्यांत दीडेक अंकाचाच फरक दिसतो. बोनसला सरळ दोनाने भागता येतं, डिमर्जरला (असा व्यवसाय वेगळा काढण्याला) गुणक काढावा लागतो: सत्राआधीचा भाव आणि सत्रात ठरलेला भाव यांचं गुणोत्तर. मी तोच लावलाय. कोणी वेगळा लावत असेल तर जरूर सांगा, मला खात्रीशीर पद्धत हवीय.

आता शीटमध्ये एक नवा रकाना आहे. आठवड्याचा आरएस मागच्या आठवड्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त हलला की ओळ लाल होते, आणि मी कंपनीची घोषणा शोधल्याशिवाय पुढे जात नाही. सूत्राच्या आधी, कच्च्या आकड्यावर. रेशोवर असा पहारा बसवून उपयोग नाही हे आता कळलं.

थोडं निफ्टीबद्दल. एचडीएफसी बँक, रिलायन्स असे जड शेअर निफ्टीशी ताडताना आपण त्यांना काही अंशी त्यांच्याशीच ताडतो, कारण निर्देशांकात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यामुळे त्यांचा आरएस मुळातच थोडा दबलेला राहतो. निफ्टी ५०० घेऊन पाहिलं, प्रश्न कमी होतो पण सुटत नाही. सध्या तसंच चालू ठेवलंय.

आणि क्षेत्रं वेगळी लावली ते फार बरं झालं. २०२२चा निकाल बघा: निफ्टी वर्षभरात चारेक टक्के वर, निफ्टी आयटी सुमारे २६ टक्के खाली, निफ्टी पीएसयू बँक (सरकारी बँका) सुमारे ७० टक्के वर. अशा वर्षी आयटीतला जवळजवळ कुठलाही शेअर निफ्टीसमोर ठेवला तर तो बहुतेक वेळ पिछाडीतच दिसणार. त्याच शेअरला निफ्टी आयटीसमोर ठेवलं की मग कळतं, तो घरातला बरा मुलगा आहे की नाही. मी आता दोन चार्ट काढतो, आधी क्षेत्र विरुद्ध निफ्टी, मग शेअर विरुद्ध क्षेत्र.

एकाने विचारलं होतं की आघाडीतला शेअर घेऊन पैसे कसे जातात. मार्च २०२० चालवून बघा. निफ्टी त्या महिन्यात २३ टक्के पडला. निफ्टी फार्माही पडला, फक्त बराच कमी. आरआरजीवर फार्मा आघाडीच्या हिरव्या कप्प्यात दिमाखात उभा. चार्ट खोटं बोलत नाही. त्याला विचारलेलंच एवढं असतं की कोण कमी बुडालं. म्हणून मी ठिपक्याशेजारी शेअरचा स्वतःचा तेरा आठवड्यांचा टक्का लिहायला लागलोय, उणे असेल तर कंसात.

पुढच्या महिन्यात १४च्या जागी २६ आणि ५२ आठवडे लावून बघणार. एनएसईचा निफ्टी २०० मोमेंटम ३० हा निर्देशांक सहा आणि बारा महिन्यांचा परतावा धरतो आणि वर्षातून दोनदाच, जून-डिसेंबरला, यादी बदलतो. जेगादीश आणि टिटमन या संशोधकांच्या शेअरच्या मोमेंटमवरच्या १९९३च्या अभ्यासातही मुदती ३ ते १२ महिन्यांच्याच होत्या. त्यापुढे माझे १४ आठवडे म्हणजे उतावळेपणा असू शकतो. शिवाय २३ जुलै २०२४पासून वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर, आधी १५ होता. दर आठवड्याला ठिपक्यामागे धावणाऱ्याचा तेवढा भाग आधीच जातो.

५२ आठवड्यांच्या खिडकीत न धरलेला बोनस वर्षभर ठाण मांडून बसेल. म्हणून आधी २०२०पासूनचे बोनस, स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणं) आणि डिमर्जर एका वेगळ्या पानावर उतरवतोय. पन्नासपैकी एकोणीस शेअर झालेत.