एकेचाळिसावी ओळ

"दादा, मी टाइप करतेय आणि अक्षरं मागून येतायत."

सोमवारी सकाळी नाशिकच्या अंबडमधल्या ऑफिसात बॅग खाली ठेवायच्या आत टीममधल्या सर्वांत नव्या मुलीनं हे सांगितलं. 2023 चा जून. आमच्या मशीनवरच्या उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 18.04 आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट मे महिन्यात संपला होता, म्हणून शनिवारी बसून मीच सगळ्यांची मशीन 22.04 वर नेली होती. त्यात व्हिम, म्हणजे आम्ही कोड लिहितो तो एडिटर, तोही 8.0 चा 8.2 झाला.

तिच्या शेजारी खुर्ची ओढली. द्राक्षांच्या पॅकहाउससाठी आम्ही वजनकाट्याचं सॉफ्टवेअर लिहितो, त्यातली टाइपस्क्रिप्ट भाषेतली दोनेक हजार ओळींची फाइल उघडी होती. खाली जाण्यासाठी 'जे' दाबून धरलं की कर्सर अडायचा आणि मग एकदम दहा-बारा ओळी खाली जायचा. थोड्या वेळानं खाली संदेश आला: 'रीड्रॉटाइम', म्हणजे कोड रंगवायला दिलेला वेळ, ओलांडला, रंग बंद. सगळा कोड एकरंगी.

तोवर भोवती चार जण जमले. कुणी रॅमवर संशय घेतला, कुणी प्लगिनवर, एकानं तर व्हिमच सोडून द्यायला सांगितलं. अंदाजावर माझा विश्वास नाही. गोदेला पूर किती आलाय हे नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय ते बघून सांगतात. मलाही तसं काहीतरी मोजायला हवं होतं.

आधी '--स्टार्टअपटाइम', म्हणजे व्हिम उघडायला किती वेळ लागतो ते. सुरुवात झटपट होत होती, म्हणजे दुखणं उघडल्यानंतरचं. मग '-यू नन' देऊन, म्हणजे कुठलीच सेटिंग न घेता, व्हिम चालवला. लोण्यासारखा चालला. पण त्यात रंगच नसतात, त्यामुळे तेवढ्यावरून दोष रंगांच्या फाइलला (कोडचा कुठला भाग कुठल्या रंगात दाखवायचा हे सांगणाऱ्या) देणं चूक ठरलं असतं. '--क्लीन'नं, म्हणजे आमची सेटिंग वगळून, उघडलं: रंग आहेत, तरी तसाच झटपट. म्हणजे व्हिम ठीक, रंगांची फाइलही ठीक. उरली आमची व्हिमआरसी, म्हणजे सेटिंगची फाइल.

तिच्या सेटिंगनिशी फाइल पुन्हा उघडली, कुठल्या पॅटर्नला (रंगवायचे तुकडे ओळखणाऱ्या नमुन्याला) किती वेळ लागतो ते मोजणारं 'सिनटाइम ऑन' केलं, वर-खाली फिरलो आणि रिपोर्ट मागवला. टाइपस्क्रिप्टचे तीन-चार पॅटर्नच बहुतेक सगळा वेळ खात होते. पॅटर्न तेच, '--क्लीन'मध्ये मात्र निमूट चालणारे. मग ते जुळवणारं इंजिनच वेगळं असणार. ती सेटिंग काय आहे आणि कुठून आली, हे 'व्हर्बोज सेट आरई' देऊन विचारलं. उत्तर आलं: रेगएक्सपइंजिन=1, व्हिमआरसी, ओळ 41.

ती ओळ माझी होती. 2013 मध्ये व्हिम 7.4 बरोबर पॅटर्न जुळवणारं नवं इंजिन आलं, आणि त्यात रूबी या भाषेच्या फाइली भयंकर रेंगाळायच्या. 'सेट आरई=1' लिहिलं की जुनं इंजिन चालू, फाइल पळायला लागायची. त्या काळी तो उतारा बरोबरच होता. जुनं इंजिन एक वाट धरतं, फसलं की मागे येऊन दुसरी धरतं. नवं सगळ्या वाटा एकदम तपासत पुढे जातं. 18.04 वरच्या व्हिमसोबत टाइपस्क्रिप्टच्या रंगांची फाइल येतच नव्हती, त्यामुळे इतकी वर्षं कुणाला काही जाणवलं नाही. ती आता आली, आणि तिचे गुंतागुंतीचे पॅटर्न जुन्या इंजिनाच्या गळ्यात पडले.

41 वी ओळ काढली. व्हिम बंद करून पुन्हा उघडला, 'जे' दाबून धरलं. कर्सर थेट फाइलच्या तळाशी. ती काही बोलली नाही, नुसती खुर्ची पुढे सरकवून कामाला लागली.

मला मात्र वाईट वाटत होतं. त्या ओळीशेजारी ती का आहे, हे मी कधी लिहिलंच नव्हतं, आणि नव्या येणाऱ्या प्रत्येकाला तीच फाइल देत आलो होतो. जेवणाआधी बाकीच्या पाचही मशीनवरून ती काढली. मग पुण्याला गेलेल्या आमच्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला.

"तुझ्याकडे अजून माझीच व्हिमआरसी आहे का रे?"

"आहे की. पण हल्ली फार हळू चालतो व्हिम."