उजव्या क्लिकचा संसार

लिनक्सवरच्या ओपनबॉक्स या विंडो मॅनेजरमध्ये पहिल्यांदा लॉगिन केलं की स्क्रीनवर काहीही येत नाही. खाली पट्टी नाही, घड्याळ नाही, आयकॉन नाहीत, वॉलपेपरसुद्धा नाही. माउसचा बाण तेवढा हलतो. नवख्या माणसाला वाटतं, इन्स्टॉलेशन गंडलं. मग वैतागून कुठेतरी उजवी क्लिक होते आणि बाणापाशीच एक छोटा मेनू उघडतो. एवढाच संसार.

खिडक्यांना चौकट घालायची, त्या सरकवायच्या, लहानमोठ्या करायच्या, कोणती वर नि कोणती खाली ते बघायचं, की विंडो मॅनेजरचं काम संपलं. घड्याळ दाखवणं त्याच्या कामात बसत नाही. या सरकारी वाटणाऱ्या काटेकोरपणाची मुळं जुनी आहेत. स्क्रीनवर खिडक्या उमटवणारी एक्स विंडो सिस्टिम, थोडक्यात 'एक्स', एमआयटीत १९८४ साली सुरू झाली. खिडक्या कशा दिसाव्यात नि कशा वागाव्यात हे आपण ठरवायचं नाही, ते वेगळ्या प्रोग्रॅमवर सोपवायचं, हे तिच्या कर्त्यांचं धोरण. त्याचा परिणाम आजही डोळ्यांनी बघता येतो. एक्सएफसीई डेस्कटॉप चालू आहे, ब्राउझर उघडा आहे, एक पत्र अर्धवट लिहून ठेवलंय, अशा वेळी टर्मिनलमध्ये 'ओपनबॉक्स --रिप्लेस' ही आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी. क्षणभर साऱ्या खिडक्यांच्या चौकटी गळून पडतात आणि लगेच वेगळ्या धाटणीच्या चढतात. पत्रातला अनुस्वारही हलत नाही. हा खेळ मी कामाशिवायही खेळतो.

बाकी सगळं मात्र आपलं आपण आणायचं. बल्बसुद्धा भाडेकरूनेच लावायचा अशी ही खोली आहे. पट्टी हवी तर टिंट२, वॉलपेपरला फेह, वायफायच्या चिन्हासाठी आणखी एक अ‍ॅपलेट. आणि हे सारं ऑटोस्टार्ट नावाच्या फाइलीत एकाखाली एक लिहायचं. आवाज कमीजास्त करायची बटणं कीबोर्डवर असतात, पण ती दाबून काय व्हावं हे आरसी.एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलीत आपणच सांगेपर्यंत ती बहुधा मुकीच. मराठी टाइप करायच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डसाठीही एक ओळ.

यामुळे जुना लॅपटॉप पळायला लागतो, असं लोक हौसेने सांगतात. माझं मत जरा वेगळं आहे. ओपनबॉक्स काटकसरी आहे यात वाद नाही, पण चार टॅब उघडले की ब्राउझर एकटाच सगळी बचत गिळून बसतो. मला गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची: या मशीनवर लॉगिन झाल्यावर काय काय सुरू होतं, हे मला ती ऑटोस्टार्टची फाइल वाचून सांगता येतं.

आणि तो मेनू! तोही साधी एक्सएमएल फाइल. नावं आपण देऊ तीच. माझ्याकडे 'लिखाण', 'गाणी', 'वीजबिल' आणि अगदी तळाला 'पुरे आता' अशा ओळी आहेत. आईने एकदा लॅपटॉप उघडला नि म्हणाली, "अरे, हा बंद पडलाय का?" उजवी क्लिक करून दाखवली, तर मेनू वाचून म्हणाली, "हे बरंय. पण 'गाणी' सगळ्यात वर घे." घेतली.

हलकेपणाच्या पंथात याहून कडक सोवळ्याची माणसं असतात. ती डीडब्ल्यूएम नावाचा विंडो मॅनेजर वापरतात. त्यात सेटिंग म्हणजे सी भाषेतली हेडर फाइल; रंग बदलायचा तर प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायचा. तेही एक वेळ चालेल. पण अक्षरांची जुळणी करणारी यंत्रणा त्यात मुळातच घेतलेली नाही. 'विकिपीडिया' उघडला की वरच्या पट्टीत ऱ्हस्व वेलांटी आपली बाजू सोडून भलत्याच बाजूला बसते नि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. ओपनबॉक्स हे काम पँगो नावाच्या लायब्ररीकडे देतो, त्यामुळे मथळे नीट दिसतात. काटकसर कुठे थांबावी याचं माझं माप ही वेलांटी आहे.

ओपनबॉक्सची ३.६.१ ही आवृत्ती आली २०१५ मध्ये, आणि नंतर नवी आली नाही. आता एक्सच मागे पडून त्याची जागा घेणाऱ्या वेलँडचे दिवस आलेत. तिथे लॅबडब्ल्यूसी नावाचा वारस तयार आहे. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाच्या ओएसने २०२४ मध्ये त्यालाच डेस्कटॉपवर आणलं. मेनूच्या फाइलीची मांडणी त्याने ओपनबॉक्सचीच ठेवली आहे, म्हणजे 'वीजबिल' आणि 'पुरे आता' तिकडे जाताना पुन्हा टाइप करावं लागणार नाही.