तुम्ही विचारलंत म्हणून : अमुक व्यक्ती मुंबईतच वारली, हे ठरवायचं कसं?

मुंबईत निधन झालेल्या नामवंतांची यादी करणारे हा प्रश्न हमखास विचारतात. समाधी, पुतळा, राहतं घर, कर्मभूमी हे सगळं आधी बाजूला ठेवा. शेवटचा श्वास कुठे घेतला, एवढंच शोधायचं.

सगळ्यात मोठा घोळ बाबासाहेबांच्या बाबतीत होतो. चैत्यभूमी दादरला, म्हणून बिनदिक्कत 'मुंबई' लिहिलं जातं. त्यांचं महापरिनिर्वाण झालं ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत, २६, अलीपूर रोडवरच्या निवासस्थानी. पार्थिव विमानानं मुंबईत आणलं आणि ७ तारखेला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. राजर्षी शाहू महाराजांचं नेमकं उलट. ते गेले ६ मे १९२२ रोजी मुंबईत, खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजमध्ये. पार्थिव मग कोल्हापूरला नेलं. विजय तेंडुलकरांची हयात मुंबईत गेली, निधन मात्र पुण्यात झालं, १९ मे २००८ रोजी.

तारखेचंही जपून. पुण्याचे लोकमान्य गेले मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात. वेळ ३१ जुलै १९२० ची मध्यरात्र उलटून गेल्यावरची, म्हणून तारीख १ ऑगस्ट. मध्यरात्रीनंतरच्या निधनाला घरचे 'काल रात्री' म्हणतात, पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख बाराच्या ठोक्याला. गिरगाव चौपाटीवरचा पुतळा अंत्यसंस्काराची जागा दाखवतो, हेही लक्षात असू द्या.

वर्तमानपत्रातल्या बातमीच्या डोक्यावरचं 'मुंबई, ता. अमुक' हे बातमी कुठून आली ते सांगतं, त्यावर विसंबू नका. 'राहत्या घरी' किंवा 'रुग्णालयात' असं म्हणणारं वाक्य शोधा आणि ते घर, ते रुग्णालय कुठल्या गावात, हे वेगळं तपासा.

अलीकडच्या व्यक्तीचा मृत्यूचा दाखला कुटुंबीयांनी दाखवला तर प्रश्नच मिटतो, फक्त तो नीट वाचायला हवा. त्यात मृत्यूचं ठिकाण, मृत्यूसमयीचा पत्ता आणि कायमचा पत्ता असे तीन वेगळे रकाने असतात. घाईत पत्ताच ठिकाण म्हणून उतरवला जातो. मृत्यूचं कारण दाखल्यावर छापत नाहीत, तेव्हा ते त्यात शोधू नका. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या निबंधकाकडे होते आणि खबर २१ दिवसांत द्यायची असते. धावत्या वाहनात मृत्यू आला तर वाहन पहिल्यांदा जिथे थांबेल तिथे खबर द्यायची. म्हणूनच प्रवासात गेलेल्यांच्या नोंदी कधीकधी भलत्याच गावी सापडतात.

आणि 'मुंबई' म्हणजे कुठवर? याद्या करणारे हा प्रश्न स्वतःला विचारतच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. महापालिकेची हद्द १९५० मध्ये अंधेरीपर्यंत वाढली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. अण्णाभाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात गेले, तेव्हा गोरेगाव बृहन्मुंबईत होतं. त्यांच्यापुढे 'मुंबई' लिहिणं बरोबरच. त्याच गोरेगावात १९५५ साली कुणी वारलं असेल, तर 'गोरेगाव' लिहावं आणि कंसात 'आता मुंबई'.