आधी तू निवड

सन 1981 मधल्या एका शनिवारी, सकाळच्या शाळेच्या शेवटच्या तासाला, आमच्या गणिताच्या सरांनी माझ्याकडून बारा चिंचोके जिंकून घेतले, आणि ते त्यांनी कसे जिंकले हे कळायला मला पुढचे दोन आठवडे लागले. या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत शाळेच्या इमारतीविषयी, निकालांविषयी आणि संस्थापकांच्या त्यागाविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. मला त्या बारा चिंचोक्यांविषयी लिहायचे आहे.

त्याची सुरुवात माघातल्या यात्रेत झाली. देवळामागच्या मोकळ्या जागेत एक माणूस सहा चित्रे काढलेले मेणकापड अंथरून बसत असे. आपण एका चित्रावर नाणे ठेवायचे, त्याने डब्यात तीन फासे खुळखुळवून डबा उपडा करायचा, आणि आपले चित्र जितक्या फाशांवर येईल तितकी नाणी आपल्याला द्यायची. एकाही फाशावर आले नाही तर आपले नाणे त्याचे. सहा चित्रे आणि तीन फासे, म्हणजे निम्मी संधी आपली, आणि दोन-तीन फासे जुळले तर वरकड नफा, असा हिशेब करून मी खाऊसाठी मिळालेले दोन रुपये तिथे घालवून बसलो. ही बातमी सरांपर्यंत कशी पोहोचली ते ठाऊक नाही, परंतु सोमवारी त्यांनी रागाचा एक शब्दही न काढता फळ्यावर 216 हा आकडा लिहिला. तीन फाशांची दाने 216 प्रकारे पडतात. त्यांपैकी 125 प्रकारांत आपले चित्र येतच नाही, 75 प्रकारांत एकदा येते, 15 प्रकारांत दोनदा आणि अवघ्या एका प्रकारात तीनदा. म्हणजे 216 डावांत सरासरीने 125 नाणी जायची आणि 75 अधिक 30 अधिक 3, अशी 108 यायची. “फासा खोटा नाही, माणूसही खोटा नाही,” सर म्हणाले, “सतरा नाणी त्या कापडावरच काढलेली आहेत, तुम्हांला ती दिसली नाहीत इतकेच.”

वर्गाला हे पटले, आणि नको तितके पटले. जुगारात हरणे म्हणजे हिशेब न येणे, आणि हिशेब आला की चांगला फासा कोणता ते ओळखता येते, अशी आमची समजूत झाली. ती मोडण्यासाठीच बहुधा सरांनी पुढच्या शनिवारी शाळेची बाके दुरुस्त करणाऱ्या सुताराकडून चार लाकडी ठोकळे करून आणले, आणि त्यांच्या बाजूंवर तांबड्या रंगाने आकडे घातले. पहिल्यावर चार बाजूंना 4 आणि दोन बाजूंना 0. दुसऱ्याच्या सहाही बाजूंना 3. तिसऱ्यावर दोन 6 आणि चार 2. चौथ्यावर तीन 5 आणि तीन 1. खेळ अगदी साधा होता. दोघांनी एकेक फासा घ्यायचा, दोघांनी टाकायचा, ज्याचे दान मोठे त्याला समोरच्याने एक चिंचोका द्यायचा. टेबलावर चारही फासे मांडून सर मला म्हणाले, “आधी तू निवड.”

मी तिसरा निवडला, कारण त्यावर सर्वांत मोठा आकडा होता. सरांनी दुसरा, तो नुसत्या तिनांचा, घेतला. तीस डावांपैकी एकवीस मी हरलो. माझ्यानंतर बसलेल्या मुलाने शहाणपणा करून तो तिनांचाच फासा मागितला, तर सरांनी पहिला उचलला आणि त्यालाही हरवले. मग कोणी पहिला घेतला, सरांनी चौथा. कोणी चौथा घेतला, सरांनी तिसरा, म्हणजे ज्याच्यावर मी हरलो होतो तोच. दोन शनिवार असे चालले. सर दर वेळी आम्हांला आधी निवडू देतात, ही त्यांची थोरवी आहे असे आम्ही समजत होतो, आणि आपल्या खोडकरपणापुढे त्यांनी दाखवलेल्या या औदार्याची आम्हांला थोडी लाजही वाटत होती.

मांडणी करून पाहिली तेव्हा उलगडा झाला. दोन फाशांच्या 36 जोड्या लिहून काढल्या, तर पहिला फासा दुसऱ्याला 24 जोड्यांत हरवतो. दुसरा तिसऱ्याला 24 मध्येच. तिसरा चौथ्याला 24 मध्ये. आणि चौथा पुन्हा पहिल्याला 24 मध्ये. प्रत्येक ठिकाणी दोन तृतीयांश. कोणताही फासा घ्या, त्याला तिनांतून दोनदा हरवणारा फासा टेबलावर शिल्लक असतोच, आणि तो उचलण्याचा हक्क मागून निवडणाऱ्याचा. यात्रेतल्या माणसाचा नफा शेकडा आठाच्याही आत होता. सरांच्या नम्रतेचा शेकडा तेहेतीस होता.

अ हा ब पेक्षा मोठा आणि ब हा क पेक्षा मोठा, तर अ हा क पेक्षा मोठा असलाच पाहिजे, हा नियम आम्ही बीजगणितात पाठ केला होता, आणि अशा संबंधाला संक्रामक संबंध म्हणतात हेही. फासे तो नियम मोडताना पाहून आम्ही हादरलो. सरांनी मात्र आम्हांला तालमीतल्या तीन पैलवानांची गोष्ट विचारली: पहिला दुसऱ्याला चीत करतो, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसरा पहिल्याला, असे आखाड्यात घडले तर कोणी डोक्याला हात लावतो का? आपल्याला तिथे आश्चर्य वाटत नाही, कारण पैलवान म्हणजे एक आकडा नव्हे हे आपण जाणतो. फासा म्हणजेही एक आकडा नव्हे, सहा आकडे आहेत. परंतु त्यांची सरासरी मनात धरून आपण त्याला नकळत एकाच आकड्यासारखे वागवतो.

याच्या पुढचा भाग मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो. तिसऱ्या शनिवारी सरांनी खेळाचा एकच नियम बदलला: जिंकणाऱ्याला एक चिंचोका न देता दोन दानांतल्या फरकाइतके चिंचोके द्यायचे. फासे तेच. आता आम्ही सावध होतो, म्हणून सरांनाच आधी निवडायला लावले. त्यांनी मुकाट्याने तिनांचा फासा घेतला, आणि त्याला हरवणारा पहिला फासा आम्ही विजयी मुद्रेने उचलला. आम्ही पूर्वीच्याच हिशेबाने तिनांतून दोनदा जिंकत होतो, आणि तरीही आमची रास कमी होत होती. चौकार पडला की आम्हांला एक चिंचोका मिळे, शून्य पडले की तीन द्यावे लागत. सहा डावांत चार मिळवायचे आणि सहा गमवायचे. फरकाने पैसे चुकते केले की सरासरीचे राज्य सुरू होते. पहिल्याची सरासरी 2.67, दुसऱ्याची आणि चौथ्याची 3, तिसऱ्याची 3.33, आणि सरासऱ्यांत चक्र कधीच नसते. म्हणजे त्या दिवशी मी निवडलेला तिसरा फासा वाईट नव्हता. एका प्रकारच्या पैजेत तो सर्वांत चांगला होता, फक्त ती पैज आम्ही खेळत नव्हतो. किती वेळा जिंकलो आणि किती जिंकलो हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, हे कळायला पुढे नोकरीत मी पाहिलेल्या कित्येक मोठ्या माणसांना त्यांची अर्धी कारकीर्द लागली.

याच सुमारास एका पालकांनी, शाळेत जुगार शिकवला जातो, अशी लेखी तक्रार केली. सरांनी त्यांना खोलीत बसवून चहा दिला आणि वनपर्वातला ऋतुपर्ण राजा ऐकवला, जो रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे मोजणी न करता सांगतो. नलाला खात्री पटत नाही, म्हणून तो झाड पाडून मोजून पाहतो आणि संख्या बरोबर निघते. मग अश्वविद्येच्या मोबदल्यात नल त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकतो आणि हरलेले राज्य परत मिळवतो. झाड बेहड्याचेच का, हे सरांनी मुद्दाम सांगितले: त्या काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरीत, आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या जुगाऱ्याच्या सूक्तातले फासेही तेच. तक्रार मागे घेतली गेली की नाही ते मला माहीत नाही, परंतु फासे कपाटात गेले नाहीत.

ते चार फासे मूळचे कोणाचे, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रॉन यांनी ते योजले, आणि मार्टिन गार्डनर यांनी डिसेंबर 1970 मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात ते लोकांपुढे आणले. त्याआधी 1959 मध्ये ह्यूगो स्टाइनहाउस आणि ट्रिबुला या पोलिश गणितज्ञांनी याच विरोधाभासावर निबंध लिहिला होता. चार फाशांच्या चक्रात दोन तृतीयांशाहून मोठी खात्री सर्व बाजूंनी मिळू शकत नाही, आणि फासे कितीही वाढवले तरी तीन चतुर्थांशाची मर्यादा ओलांडता येत नाही, हेही नंतर सिद्ध झाले. वॉरन बफे यांना या फाशांचा शौक आहे आणि त्यांनी बिल गेट्स यांना आधी फासा निवडायला सांगितले, तेव्हा गेट्स यांनी फासे निरखून पाहून “आधी तुम्हीच निवडा” असे उत्तर दिले, असे सांगतात. आमच्या वर्गाला त्याला दोन आठवडे लागले होते. तेवढा फरक मी मोठ्या मनाने मान्य करतो.

दिवाळीच्या सुटीसाठी सरांनी आम्हांला घरचा अभ्यास म्हणून जादूचा चौरस दिला होता, ज्याच्या ओळी 2-9-4, 7-5-3 आणि 6-1-8 अशा असतात. प्रत्येक ओळीचा एक फासा करायचा, प्रत्येक आकडा समोरासमोरच्या दोन बाजूंवर घालायचा. पहिली ओळ तिसरीला नवांपैकी पाचदा हरवते, तिसरी दुसरीला पाचदा, दुसरी पहिलीला पाचदा. उभ्या स्तंभांचे फासे केले तरी तसेच चक्र निघते. बेरीज सगळीकडे 15, म्हणजे फरकाने पैसे दिले तर हा खेळ अगदी निर्मळ, आणि डावागणिक एक चिंचोका ठेवला तर मागून निवडणाऱ्याचा.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने मला तीन फाशांचा एक निराळा संच भेट दिला. तांबड्यावर पाच 3 आणि एक 6. निळ्यावर तीन 2 आणि तीन 5. हिरव्यावर एक 1 आणि पाच 4. तांबडा निळ्याला हरवतो, निळा हिरव्याला, हिरवा तांबड्याला. येथवर ओळखीचेच होते. परंतु प्रत्येकाने एकाच रंगाचे दोन फासे टाकून बेरीज घेतली, तर सगळे चक्र उलटे फिरते: निळे तांबड्यांना हरवतात, हिरवे निळ्यांना, आणि तांबडे हिरव्यांना. हे शेवटचे मी हाताने मांडून पाहिले. हिरव्या जोडीला जिंकायचे तर तांबड्यांपैकी एकावरही 6 पडता कामा नये आणि हिरव्यांपैकी एकावरही 1 पडता कामा नये. चार फासे, आणि चौघांनीही आपली दुर्मीळ बाजू लपवायची. असे 1296 पैकी 625 वेळा होते, उरलेल्या 671 वेळा तांबडे जिंकतात.

671 आणि 625 हे आकडे पाहून मी थबकलो, कारण दहावीत सरांनी ते फळ्यावर लिहिलेले होते. शव्हालिए द मेरे या फ्रेंच लेखकाने गणितज्ञ पास्कलपुढे ठेवलेल्या पैजांमधली एक अशी होती की एक फासा चारदा टाकून निदान एकदा सहा पाडायचा. 29 जुलै 1654 रोजी फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात पास्कल म्हणतो की चार वेळा टाकण्यात 671 ला 625 असा फायदा आहे. माझे तांबडे-हिरवे फासे तीच पैज खेळत होते. एकेक फासा टाकला तर दुर्मीळ बाजू यायला दोनच संधी, म्हणून तांबडा हरतो; दोन-दोन टाकले तर चार संधी, म्हणून जिंकतो.

सरांचे वय आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. मी त्यांना फोन करून हे सगळे सविस्तर सांगितले आणि विनंती केली की महोत्सवाच्या दिवशी मी हे फासे घेऊन येईन, चिंचोकेही आणीन, आणि आधी निवडण्याचा मान या वेळी आपणच घ्यावा. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग सर म्हणाले, “निवडीन ना. पण तू आधी सांग, एकेक टाकायचा की दोन-दोन?”