खरं ‘फ्रात्रेस’ कोणतं?

शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे चार-सहा जण ऐकायला जमतात. बहुतेक वेळा आपलंच गाणं असतं, पण मधूनच मी आर्वो पॅर्ट या पाश्चात्त्य संगीतकाराचं काही लावते. त्यातही ‘फ्रात्रेस’. एकदा व्हायोलिन आणि पियानोवरचं, पुढच्या खेपेला नुसत्या चेलोंवरचं (चेलो म्हणजे खर्जातलं मोठं व्हायोलिनच म्हणा), कधी चार तंतुवाद्यांच्या क्वार्टेटचं. मग कुणीतरी विचारतंच, “यातलं खरं कोणतं हो? बाकीच्या नकलाच ना?” तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

पॅर्ट एस्टोनियाचे, जन्म १९३५ चा. पुढे १९४० मध्ये देश सोव्हिएत अमलाखाली गेला. १९६८ मध्ये त्यांनी ‘क्रेडो’ या रचनेत ख्रिस्ती श्रद्धेचे शब्द उघडपणे गायला लावले आणि सरकारी रोष ओढवून घेतला. पण त्यानंतरची शांतता निव्वळ सरकारमुळे आली नाही. स्वतःचीच भाषा त्यांना पुरेनाशी झाली होती. पुढची सात-आठ वर्षं ते जवळजवळ गप्प राहिले आणि मध्ययुगीन चर्चचं एकसुरी गायन, जुनं बहुस्वरी गायन यांचा अभ्यास करत बसले. १९७६ मध्ये एक छोटीशी पियानोरचना लिहून बोलते झाले ते निराळ्याच आवाजात. या पद्धतीला त्यांनी ‘टिंटिनाबुली’ म्हटलं. लॅटिनमध्ये तो घंटांचा शब्द.

पद्धत ऐकायला सोपी आहे. एक आवाज पायरीपायरीने चालतो, दुसरा फक्त तीन ठरलेल्या सुरांवर वाजत त्याला साथ करतो. ‘फ्रात्रेस’ १९७७ चं, म्हणजे या नव्या वाटेच्या सुरुवातीचं. शब्दाचा अर्थ ‘बंधू’. ते पहिल्यांदा वाजवलं ‘होर्तुस म्युझिकुस’ या जुनं संगीत वाजवणाऱ्या एस्टोनियन मंडळींनी, आणि लिहितानाच कोणतं वाद्य हे पक्कं बांधलेलं नव्हतं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर इथेच मिळतं. व्हायोलिन-पियानोचं रूप १९८० चं, सगळ्यांत जास्त ऐकलं जाणारं, पण मूळ नव्हे. त्याच्या सुरुवातीची ती व्हायोलिनची धावपळ तर मूळ रचनेत नव्हतीच.

माझं खरं उत्तर मात्र वेगळं आहे, आणि ते माझ्या बैठकीच्या जागेवरून आलेलं आहे. मी वीसेक वर्षं गाणाऱ्यांच्या मागे तंबोऱ्यावर बसते. ‘फ्रात्रेस’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सुरावट ऐकूच आली नाही, तिच्याखाली धरून ठेवलेले दोन सूर तेवढे ऐकू आले. षड्ज आणि पंचम. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दहा-अकरा मिनिटं, न हलता. वर वाक्यं वाढत जातात, सात मात्रांचं, मग नऊ, मग अकरा. मग मधे ठोके, आणि पुढचा फेरा एक सूर सोडून खालून सुरू. असे नऊ फेरे. खालचा षड्ज-पंचम जागेवरच.

आणि गंमत वरच्या सुरांत आहे. चालणाऱ्या आवाजांचे सूर त्या षड्जापासून मोजा: कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद. वसंतमुखारीचेच सूर! (राग नव्हे हं. चलन नाही, न्यास नाही, सूर तेवढे.) मधला साथीचा आवाज मात्र सा, कोमल गंधार आणि पंचम यांपलीकडे जात नाही. म्हणजे दोन्ही गंधार एकाच रचनेत. तंबोरा नीट जुळला, जवारी (तारेखालच्या दोऱ्याने येणारी गुंज) लागली की न छेडलेला शुद्ध गंधार आपोआप गुंजायला लागतो, हे साथीला बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्या सवयीच्या कानाला इथला कोमल गंधार दर वेळी टोचतो. चेलोंवर तो काळोखात घासल्यासारखा वाटतो, व्हायोलिनवर काचेसारखा. वाद्य बदललं की टोचण्याची जात बदलते, टोचणं राहतंच. म्हणून मला कोणतंच रूप नक्कल वाटत नाही. आपल्या गाण्यासारखा इथे एकही सूर आयत्या वेळी सुचलेला नसतो, तरीही.

पण ‘तुमचं आवडतं कोणतं’ असं विचाराल तर क्वार्टेट. त्यात दुसऱ्या व्हायोलिनवाल्याला अथपासून इतिपर्यंत ते दोन सूरच धरायचे असतात. बाकी तिघं सगळी वाट चालून येतात. एका ध्वनिचित्रफितीत मी त्याच्या उजव्या हाताकडेच बघत बसले होते. गज वळवताना सूर तुटू नये म्हणून तो मनगट किती हळू फिरवतो! शेवटी टाळ्या झाल्या, चौघं उठले, आणि हा गडी सगळ्यांत उशिरा, बोटं मोकळी करत.

आमच्यातल्या एका काकांनी त्यावर विचारलं, “याला मानधन तेवढंच मिळतं का हो?” मला काय माहीत! पण तंबोऱ्यावर बसणाऱ्यांना काय मिळतं ते मी त्यांना सांगितलं.